निशाणी आणि मत : मतदानाच्या रीतींचा एक विचार

महजर वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस हें सांगावयास नकोच कीं, कागद हातीं येतांच आपली दृष्टि प्रथम त्याच्या शेवटाकडे जाते. मजकूर कितीहि सुवाच्य असो. त्याखालीं गोताच्या साक्षी नसतील, पाटलाचा नांगर नसेल, सुताराचा वाकस किंवा चांभाराची आरी नसेल, तर तो कागद आपण प्रमाण मानावयास कचरतों. उलट, आजच्या काळांतील मोठ्या योग्यतेचा सार्वजनिक कागद जी मतपत्रिका, तिच्यावर मत देणारानें आपली सही केली, तर त्या सहीमुळेंच ती रद्द होते. एकाच समाजाच्या दोन कागदांत हा विरोध कां यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि त्या ओघांत मिरजेंतील रहिवाशांस आज मत देण्याचे मार्ग कोणते आहेत, हेंहि सांगावयाचें आहे.

या विचारास निमित्त माझे एक वृद्ध स्नेही झाले. त्यांचें वय ८८ वर्षांचें. त्यांपैकीं निदान साठ वर्षें मोडी कागद लावण्यांत गेलेलीं. पायांनीं अधू झाल्यामुळें त्यांस मतदान-केंद्रावर जाणें अशक्य. ८५ वर्षांवरील मतदारास घरीं मत देतां येतें हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत अर्ज चालेल अशा भ्रमांत आम्ही राहिलों, आणि ७ मे २०२४ रोजीं सांगली मतदारसंघांतील लोकसभेचें मतदान त्यांच्यावांचून पार पडलें. नोव्हेंबरांतील विधानसभेच्या वेळीं अर्ज वेळेवर गेला. पण आतां त्यांनींच आढेवेढे घेतले. ते म्हणाले, “मास्तर, ज्या कागदावर देणाराची निशाणी नाहीं, त्यावर मीं आयुष्यांत विश्वास ठेविला नाहीं. आतां तसा निनांवी कागद स्वतःच कसा लिहूं?” प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं याच गांवच्या शाळेंत संस्कृत शिकवीत असतां पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. त्या गांवच्या कागद-संशोधकानें असा प्रश्न विचारल्यास त्याचें उत्तर कागदांतूनच दिलें पाहिजे.

प्रथम महजराचें स्वरूप पाहूं. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे. वतनदार, बलुतेदार, शेटे-महाजन एकत्र बसत. प्रसंगीं साक्षीदारास नदीच्या पाण्यांत उभें करून त्याची जबानी घेत. आणि निवाड्याखालीं ज्याची त्याची निशाणी होई. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, स्त्रीची बांगडी. लिहितां न येणाराचेंहि अस्तित्व कागदावर राहिलें, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, महजरांत साक्ष असते, मत नसतें. अमुक शेत अमक्याच्या आजापासून चालत आलें, ही घडलेली गोष्ट आहे. ती सांगणारानें तिच्यामागें उभें राहिलें पाहिजे, म्हणून त्याची निशाणी हवी. दुसरी, उघड निशाणीस किंमत पडे. ज्याच्या खळ्यावरून बलुतें उचलावयाचें, त्याच्या नांगराविरुद्ध आपली आरी उमटविणें किती जणांस साधलें असेल? महजर पाहतां पाहतां आपण निशाण्या मोजतों. पण ज्यांनीं भिऊन अंग चोरलें, ते मोजण्यास साधन नसतें.

ही अडचण आपल्या प्राचीनांस अपरिचित नव्हती. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत भिक्षुसंघाच्या वादांचा निर्णय बहुमतानें करण्याची रीत सांगितली आहे. मतासाठीं वेगवेगळ्या रंगांच्या शलाका, म्हणजे काड्या, असत. त्या वांटणारा शलाकाग्राहक संघ नेमी. तो पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाहीं हें त्यास कळत असावें, अशीं पांच लक्षणें दिलीं आहेत. शलाका घेण्याचे प्रकार तीन : गूढ, कानांत सांगून, आणि उघड. गूढ प्रकारांत प्रत्येकास एकटें गांठून, ही काडी या पक्षाची, ती त्या पक्षाची, हवी ती घे आणि कोणास दाखवूं नको, असें सांगावयाचें. आजारी भिक्षूनें आपली संमति दुसऱ्याबरोबर पाठवावी, अशीहि सोय होती. तिला ‘छन्द’ ही संज्ञा होती. मात्र या रीतींत एक मोठें वैगुण्य होतें. बहुमत अधर्माकडे झुकलें असें शलाकाग्राहकास वाटल्यास, शलाका नीट घेतल्या गेल्या नाहींत असें ठरवून त्या पुन्हां घेण्याची त्यास मुभा होती. म्हणजे गुप्तता भिक्षूंमध्यें परस्परांपासून होती, मोजणारापासून नव्हती.

येथेंच एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. तमिळनाडूंतील उत्तरमेरूर येथील परांतक चोळाच्या इ. स. ९२० च्या सुमाराच्या लेखांचा उल्लेख ‘प्राचीन मतदान’ म्हणून नेहमीं होतो. तेथें तीस वाड्यांतील योग्य पुरुषांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घटांत घालीत व लहान मुलाकडून एक एक काढवीत. वयाची अट ३५ ते ७० वर्षें. स्वतःच्या जागेवर घर, सारा भरणारी जमीन व वेदाध्ययन हवें. पूर्वीं अधिकार भोगून हिशेब न देणारा अपात्र. अटी स्पृहणीय आहेत; परंतु ही चिठ्ठी आहे, मत नव्हे. त्या चिठ्ठीचा अवशेष आजच्या कायद्यांत राहिला आहे. दोन उमेदवारांस सारखीं मतें पडल्यास निर्णय चिठ्ठीनें होतो. २०१७ मध्यें मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. मराठींत तिला ‘ईश्वरचिठ्ठी’ म्हणतात, हें सार्थच आहे. कारण तेथें माणसाचें मत संपलेलें असतें.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. मिरज हें संस्थान असल्यामुळें १९३७ व १९४६ सालच्या प्रांतिक निवडणुकांत मिरजकरांस मत नव्हतें. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत येथील प्रौढ स्त्री-पुरुषांनीं लोकसभा व विधानसभा यांसाठीं मत दिलें. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असून तिच्यावर त्याचें चिन्ह असे. मतदारानें कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. महजराच्या अभ्यासकास येथें एक पालट दिसेल. पूर्वीं निशाणी मत सांगणाराची होती. आतां ती मत मागणाराची झाली. लिहितां-वाचतां न येणारास आधार देण्याचें निशाणीचें काम तेंच राहिलें. फक्त ती कोणाची, हें बदललें. कोरी पत्रिका बाहेर नेऊन दुसऱ्यास देण्याचा धोका या रीतींत असल्यामुळें १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धति आली. आणि २००४ पासून लोकसभेसाठीं सर्वत्र यंत्र आलें.

गुप्ततेचा अर्थ नांवाचा लोप असा मात्र नव्हे. त्याच पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत असतां, विशेषेंकरून उत्तरेकडील प्रांतांत, अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची पत्नी’ एवढेंच सांगितलें. अशा सुमारें २८ लक्ष स्त्रिया यादींतून वगळल्या गेल्या. मताला नांव चिकटूं नये. पण मतदाराला नांव असलेंच पाहिजे.

हें ध्यानीं धरून आजचे मार्ग पाहावे. पहिला मार्ग मतदान-केंद्राचा. तेथें प्रथम मतदाराचें नांव मोठ्यानें वाचतात, तें उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं ऐकावें म्हणून. ओळखीविषयीं आक्षेप घेणारानें दोन रुपये अनामत ठेवावयाची, व चौकशी तेथेंच व्हावयाची. मग नोंदवहींत सही किंवा अंगठा, डाव्या तर्जनीस शाई. येथपर्यंत सर्व उघड. त्यापुढें पडद्याआड निळी कळ दाबावयाची. व्हीव्हीपॅटच्या कांचेंतून निवडलेल्या उमेदवाराचें चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते व आंत पडते. आपल्या नांवें आधींच कोणी मत देऊन गेला असल्यास परत फिरूं नये. ओळख पटल्यावर कागदी ‘प्रदत्त’ मतपत्रिका मिळते. अंध वा विकलांग मतदारास सोबती नेतां येतो. त्या सोबत्यास त्या दिवशीं दुसऱ्या कोणाचा सोबती होतां येत नाहीं.

दुसरा मार्ग टपाली मताचा. सैन्यांतील मतदार व निवडणुकीच्या कामावर नेमलेले नोकर यांस तो आहे. सैनिकांस २००३ पासून प्रतिनिधीमार्फत मत देण्याचीहि सोय आहे. प्राचीन ‘छन्दा’चें हें अर्वाचीन रूप म्हणावें.

तिसरा मार्ग गृहमतदानाचा. ८५ वर्षांवरील, तसेंच ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार नमुना १२-घ भरून तो मागूं शकतात. अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांत पोंचला पाहिजे. आम्ही चुकलों तें येथेंच. अर्ज मान्य झाल्यावर केंद्रावर जाऊन मत देतां येत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

चौथा प्रकार पुणें पदवीधर व शिक्षक मतदारसंघांचा. सांगली जिल्हा त्यांत येतो. तेथें यंत्र नाहीं. केंद्रांतच दिलेल्या जांभळ्या लेखणीनें १, २, ३ असे पसंतीचे अंक घालावयाचे. अंक अक्षरांत लिहूं नयेत. आणि सुशिक्षितांस संवयीनें जी चूक होण्याचा संभव आहे ती ही कीं, खालीं सही करूं नये. मतदार ओळखूं येईल असें कोणतेंहि चिन्ह पत्रिकेवर असलें कीं ती बाद होते.

आतां माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतों. ठरल्या दिवशीं अधिकारी घरीं आले. मतपत्रिका पाहतांच यांनीं विचारलें, “सही कोठें करावयाची?” अधिकाऱ्यानें दोन कागद वेगळे करून दाखविले. एक प्रतिज्ञापत्र : मतदार तो मीच, असें त्यावर लिहून सही करावयाची, व अधिकाऱ्यानें ती साक्षांकित करावयाची. दुसरी मतपत्रिका : तिच्यावर खुणेवांचून कांहीं नाहीं, ती आंतल्या लिफाफ्यांत बंद. मोजणीच्या वेळीं प्रथम प्रतिज्ञापत्र पाहतात. तें नसेल किंवा त्यावर सही नसेल, तर आंतला लिफाफा उघडीतच नाहींत. यांनीं चष्मा सारखा करून दोन्ही कागद पुन्हां पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे साक्ष आहेच. मी कोण याची साक्ष. मीं काय म्हटलें याची नाहीं.” प्रतिज्ञापत्रावर त्यांनीं मोडींत सही केली. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागें मत दिलें.

माझ्या मतें हेंच या प्रश्नाचें उत्तर होय. महजरांत जें एकत्र होतें, त्याचे दोन भाग केले. माणसाची ओळख उघड राहिली, त्याची निवड झांकली गेली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमान्वयें कोणाहि साक्षीदारास, तूं मत कोणास दिलेंस, हें सांगण्यास भाग पाडतां येत नाहीं. ज्या बलुतेदारानें पूर्वीं खळ्याकडे पाहून आरी उमटविली असेल, त्याच्या वंशजास हें कलम मिळालें आहे.

आम्हां कागद जमविणारांस यांत थोडी हानि आहे. मतपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. पुढील संशोधकांच्या हातीं आंकडे येतील, निशाण्या येणार नाहींत. कागद राहावा म्हणून आपण आयुष्य वेंचलें, तरी हा कागद न राहणें हेंच त्याचें प्रामाण्य आहे, असें मानण्यास हरकत नाहीं. आपल्या मंडळींत वयोवृद्ध पुष्कळ आहेत. त्यांनीं अधिसूचनेचा दिवस टिपून ठेवावा, आणि पांच दिवस मोजावे.