मोडलेल्या झाडांवरून ओळखलेला वारा

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातले ग्रीन्सबर्ग हे गव्हाच्या शेतांमधले जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव ४ मे २००७ च्या रात्री काही मिनिटांत जमीनदोस्त झाले. टोर्नेडो पावणेतीन किलोमीटर रुंद होता. गावाचा ९५ टक्के भाग उद्ध्वस्त झाला. सायरन वाजल्यावर लोकांच्या हाती सुमारे वीस मिनिटे होती. तेवढ्यात बहुतेकांनी तळघर गाठले, म्हणून ते वाचले.

विरारच्या किनाऱ्यावरची वादळे वेगळी. ती समुद्रावरून येतात आणि आधी वर्दी देतात. ‘निसर्ग’ चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात धडकेल असा २ जून २०२० चा अंदाज होता. अर्नाळा, विरार, वसई त्याच पट्ट्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. चक्रीवादळ कोमट समुद्राच्या पाण्यावर पोसते, शेकडो किलोमीटर पसरते आणि उपग्रहांना कित्येक दिवस दिसत राहते.

टोर्नेडो जन्मतो एकाच गडगडाटी ढगाच्या पोटात. जमिनीलगत मंद आणि वर वेगवान वारा असला, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट, उबदार हवा जोराने वर चढताना हे आडवे लाटणे उभे करते. ते जसजसे आक्रसते तसतसा त्याचा वेग वाढतो. कोकणात हे सारे घटक क्वचितच जुळतात. भारतीय उपखंडात ते जुळतात बंगालच्या बाजूला: २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-सातुरिया भागात टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसांचा बळी घेतला.

असा वारा मोजायचा कसा? वेगमापक बहुधा त्याच्या वाटेत नसतो आणि असला तर टिकत नाही. उत्तर शोधले हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. १९४५ मध्ये ते जपानमध्ये अध्यापन करत होते. अणुबॉम्बनंतर हिरोशिमा आणि नागासाकीत जाऊन त्यांनी पडझड पाहिली. झाडे स्फोटाच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेला, ताऱ्याच्या किरणांसारखी आडवी झाली होती. जवळजवळ तीस वर्षांनी, अमेरिकेतल्या एप्रिल १९७४ च्या टोर्नेडो-मालिकेनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना जंगलात तशीच नक्षी दिसली आणि ढगातून खाली आदळणाऱ्या वाऱ्याचा शोध लागला. शहराच्या राखेत पाहिलेली खूण एखाद्याने इतकी वर्षे मनात जपावी, हे विलक्षण आहे. पडझडीवरून वेग ठरवणारी श्रेणी त्यांनी १९७१ मध्ये मांडली आणि ती पुढे जगभर रुळली.

तिच्यातली चूक दुरुस्त करण्यात किशोर मेहता या भारतीय वंशाच्या अभियंत्याचा मोठा वाटा आहे, पण ते नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधल्या लबक शहराला टोर्नेडोने झोडपले. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या मेहता, जेम्स मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी कोणती भिंत कशी पडली, छप्पर कुठून सुटले, याचा माग काढला. घरे मानले जात होते त्याहून बऱ्याच कमी वेगाला कोसळतात, असे या अभ्यासांतून दिसले. फुजितांची सर्वोच्च पायरी ताशी ४२० किलोमीटरला सुरू होत होती. सुधारित श्रेणीत ती ३२२ वर आली. ही श्रेणी फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली आणि तिची सर्वोच्च पायरी पहिल्यांदा मिळाली ती ग्रीन्सबर्गला.

या श्रेणीत पडझडीचे २८ निकष आहेत. शेवटचे दोन झाडांचे, पण अमेरिकेतल्या कठीण आणि मऊ लाकडाच्या झाडांचे. सुपारी आणि नारळ त्यात नाहीत. ‘निसर्ग’मध्ये श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा पंचनामे झाले, फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपयांची भरपाई जाहीर झाली. भरपाई हवीच होती. पण झाड मुळासकट उपटले की मधोमध मोडले, कोणत्या दिशेला पडले, हेही त्याच पंचनाम्यात लिहून घेता आले असते. विरार-वसईच्या केळीच्या आणि नारळाच्या वाड्यांनाही हे लागू आहे. कुलाब्याचे रडार ढगातला वारा मोजते खरे, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि झोताच्या तिरकेपणामुळे शंभर किलोमीटरवरच्या श्रीवर्धनला त्याचा झोत जमिनीपासून दीड किलोमीटरच्या आसपास वरून जातो. वाडीतल्या वाऱ्याची नोंद खाली पडलेल्या पोफळींतच असते, आणि ती पोफळी तोडून नेण्याआधी घ्यावी लागते.