एडनमधला एक शुक्रवार

पहाटे ४.४०

मदर तेरेसांच्या सिस्टर्स जगात कुठंही असोत, त्यांची उठण्याची वेळ ठरलेली. येमेनमधल्या एडन शहरात, शेख ओथमान भागातल्या वृद्धाश्रमात ४ मार्च २०१६ च्या पहाटे पाच जणी उठल्या. सिस्टर अन्सेल्म भारतातल्या, सिस्टर मार्गरिट आणि सिस्टर रेजिनेट रवांडाच्या, सिस्टर ज्युडिथ केनियाच्या. घराच्या सुपीरियर होत्या सिस्टर सॅली, केरळच्या. निळ्या काठाची पांढरी सुती साडी, खांद्याशी क्रूस. पगार नाही, स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता नाही. इतर धर्मभगिनी तीन व्रतं घेतात. यांचं चौथंही असतं, गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा करण्याचं.

पहाटे ५.००

प्रार्थना आणि मनन. उपवासकाळ चालू होता, ईस्टर २७ मार्चला यायचं होतं.

सकाळी, मिस्सा

वेदीवर फादर टॉम उझुन्नालिल. सेल्सियन संघाचे, तेही केरळचे. शहरातल्या चर्चची नासधूस झाल्यापासून त्यांचा मुक्काम सिस्टर्सच्याच आवारात होता. एवढ्या मोठ्या बंदरात रोजची मिस्सा चालू होती ती या छोट्या चॅपेलमध्ये. १९७३ साली येमेनच्या सरकारनं स्वतःहून मदर तेरेसांकडे सिस्टर्स मागितल्या, तेव्हा मदरनी धर्मगुरूलाही येऊ द्या असा आग्रह धरला होता. फादर टॉम तिथं होते ते त्या जुन्या आग्रहामुळेच.

सकाळी, न्याहारीनंतर

आपापले कपडे बादलीत धुवायचे, झाडलोट करायची. या कामाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पण ते एडनमध्ये, त्या वर्षी चाललं होतं, याबद्दल मात्र आहे.

वर्षभरापूर्वी, मार्च २०१५ मध्ये, येमेनमध्ये युद्ध पेटलं. भारतानं ‘ऑपरेशन राहत’ हाती घेतलं. ‘आयएनएस सुमित्रा’ ही नौका एडनच्या बंदरात शिरून आपल्या माणसांना घेऊन आली. सुटलेल्या लोकांची विमानं मुंबईत आणि कोचीत उतरली, विमानतळावर बायाबापड्या रडत एकमेकांच्या गळ्यात पडल्या. ४,६०० हून अधिक भारतीय परतले. त्यांनी योग्यच केलं, घरी मुलंबाळं होती.

सिस्टर्स राहिल्या. आश्रमात साठाहून अधिक म्हातारी आणि अपंग माणसं होती, त्यांना नौकेवर नेणारं कुणी नव्हतं. माझ्या मते या बायकांचा खरा त्याग इथं आहे, गोळीच्या कितीतरी आधी. जाण्याची वाट उघडी असताना त्या रोज सकाळी उठून तीच बादली भरत राहिल्या. आणि धोका त्यांना ठाऊक नव्हता असंही नाही. १९९८ मध्ये येमेनच्याच होदेदा शहरात त्यांच्या संघाच्या तीन सिस्टर्सना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

सकाळी ८.००

कामाला निघण्यापूर्वीची प्रार्थना म्हणून पाची जणी आश्रमात गेल्या. फादर चॅपेलमध्येच थांबले.

सकाळचं काम म्हणजे अंघोळी घालणं, ओल्या चादरी बदलणं, पाठीवरच्या जखमा पुसून औषध लावणं, ज्याचे हात चालत नाहीत त्याला भरवणं. अंथरुणावर खिळलेल्या माणसाची सेवा ज्यानं घरात केली आहे त्याला एका माणसाचं किती असतं ते कळेल. आश्रमातली बहुतेक माणसं मुसलमान. येमेनमध्ये मुसलमानानं धर्म सोडणं कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा धर्मप्रसाराचा प्रश्नच नव्हता. ‘मिशनरी’ म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय धर्मांतराचा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. इथं साध्य होण्यासारखं एकच होतं, म्हाताऱ्या माणसाचं अंग कोरडं आणि पोट भरलेलं असणं.

सकाळी ८.३०

बंदूकधारी आत शिरले. पहारेकरी आधी मारले गेले. आश्रमात काम करणारे इथिओपियाचे तरुण सिस्टर्सना सावध करायला धावले, तेही मारले गेले. मग एकेक करून चार सिस्टर्स. सिस्टर सॅली शीतकपाटाच्या खोलीत दाराआड उभ्या राहिल्या. मारेकरी त्या खोलीत येऊन गेले, पण त्या त्यांना दिसल्या नाहीत. फादर टॉमना पकडून गाडीत घालून नेलं.

अंथरुणावरच्या एकाही म्हाताऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

मेलेल्यांचा आकडा १६. बातम्यांमध्ये चार सिस्टर्सची नावं आली, ती यायलाच हवी होती. पण उरलेल्या बारांत इथिओपियन सेवक होते, स्वयंपाकीण होती, पहारेकरी होते. काही ख्रिस्ती, काही येमेनी मुसलमान. त्यांनी कुठलंही व्रत घेतलेलं नव्हतं. नोकरीवरून घरी जायला ते मोकळे होते. शहीदांची यादी करताना आपण चर्चमधली माणसं त्यांना मागच्या रांगेत उभं करतो, ते मला पटत नाही.

दुपारी १२.३०

जेवणाची वेळ. स्वयंपाक करणारी नव्हती, भरवणाऱ्या नव्हत्या.

संध्याकाळी

साक्रामेंतासमोरचा आराधनेचा तास. दिवसभर कितीही काम असो, सिस्टर्स हा तास सोडत नाहीत.

रात्री

फादर टॉम कुठं आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. ते तब्बल अठरा महिने कैदेत राहिले. मधुमेहाचा माणूस, वजन उतरत गेलं. हाताशी भाकर नव्हती, द्राक्षारस नव्हता, ग्रंथ नव्हता. तरी मिस्साच्या प्रार्थना ते रोज मनातल्या मनात, पाठ होत्या तशा म्हणत. १२ सप्टेंबर २०१७ रोजी ओमानच्या मध्यस्थीनं सुटका होऊन ते रोमला पोचले. सेल्सियन घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी आधी चॅपेलमध्ये नेण्यास सांगितलं, मग पापनिवेदनासाठी धर्मगुरू मागितला. मिस्साही अर्पण करायची होती, पण डॉक्टरांच्या तपासण्या आधी उरकायच्या होत्या.