घोटभर आंबट

ब्रुसेल्सला नोकरी करणारा भाचा परवा सक्करदऱ्याला आमच्याकडे आला. सोबत लॅम्बिक बिअरची बाटली. "मावशी, साडेतीनच टक्के आहे गं, घोटभर घेऊन तर पहा!" वस्तीत दारूविरोधी मंडळ चालवणारी मी! ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

घेतला एक घोट. अगं बाई, ही तर आपल्या महालक्ष्म्यांच्या आंबिलीची बहीण! तोच जिभेला लागणारा आंबटपणा. भाचा म्हणाला, तिथे जव-गव्हाचा उकळलेला काढा रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं यीस्ट, जिवाणू त्यात पडतात आणि मग लाकडी पिंपात तो महिनोन्‌महिने आंबतो. आपणही ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात आंबवतो. पण सकाळी शिजवून मोकळ्या होतो.

दुसऱ्या दिवशी मंडळात सगळं खरं सांगितलं. एकीने विचारलं, "ताई, इतकी हलकी, तर नवऱ्याने प्यायली म्हणून काय झालं?" मी म्हटलं, "साडेतीन टक्क्यांच्या दोन बाटल्या म्हणजे सात टक्क्यांची एक. हिशेब तूच कर." ती गप्प झाली.

मैत्रिणींनो, चव कळली, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उरलेला ग्लास मी तसाच ठेवला आणि सगळ्यांसाठी पातेलंभर आंबील केली.