लंडनचे वार्तापत्र : फारकतीनंतरचे भय

फारकत झाली, कोर्टाचा हुकूमनामा हाती पडला, म्हणजे बाईच्या मागची पीडा टळली अशी आपल्या रत्नागिरीकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि म्हणूनच जिचा पूर्वीचा नवरा मारुती मंदिराच्या थांब्यावर तिची वाट अडवून उभा राहतो, रात्री-अपरात्री फोन करून ‘तुला बघून घेईन’ म्हणतो, तिने आपली भीती बोलून दाखविली तर ‘आता त्याचा तुझा संबंध काय? लक्ष देऊ नकोस’ एवढ्यावर तिची बोळवण होते. इंग्लंडात राहून या देशाची जी एक गोष्ट मला मनापासून घेण्याजोगी वाटली ती ही की, संबंध तुटल्यानंतरचा काळ विशेष धोक्याचा असतो हे येथील सरकारी दप्तराने मान्य केले आहे आणि स्त्रीच्या भयाला पुराव्याचे स्थान दिले आहे.

हे सहज घडलेले नाही. 1971 साली चिझिक येथे एरिन पिझी यांनी मारहाणीने त्रस्त झालेल्या बायकांना थारा दिला, तेव्हा असल्या प्रकरणांची पोलीस ‘घरगुती भांडण’ म्हणून वासलात लावीत असत. 2009 साली सॅलफर्डमध्ये क्लेअर वुड या तरुणीचा तिच्यापासून विभक्त झालेल्या सोबत्याने खून केला. तिने पोलिसांकडे वारंवार तक्रारी केल्या होत्या, पण त्या माणसाचा पूर्वीचा हिंसक इतिहास तिला ठाऊक नव्हता. तिच्या वडिलांनी चालविलेल्या खटपटीतून, जोडीदाराचा असा इतिहास पोलिसांकडून जाणून घेण्याची मुभा 8 मार्च 2014 पासून इंग्लंड-वेल्सभर मिळाली. पुढे 2015 च्या कायद्याने जोडीदारावर सतत दहशत व हुकमत गाजविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला, आणि एप्रिल 2023 पासून तो वेगळ्या राहणाऱ्या पूर्वीच्या नवऱ्यालाही लागू झाला. या गुन्ह्याच्या व्याख्येतच स्त्रीचे भय आहे: आपल्यावर बळाचा वापर होईल अशी भीती तिला किमान दोन प्रसंगी वाटली असेल, किंवा तिचा दिनक्रम विस्कळीत व्हावा इतकी ती धास्तावली असेल, तर एवढ्यानेही आरोपाचा तो भाग सिद्ध होऊ शकतो.

तक्रार घेऊन आलेल्या बाईपुढे अनेक ठिकाणी जी प्रश्नावली ठेवतात तिच्यात पहिला प्रश्न जखमेचा आणि दुसरा ‘तुम्हांला फार भीती वाटते काय?’ असा आहे. त्यामागोमाग भीती नेमकी कशाची, गेल्या वर्षभरात विभक्त झालात काय, तो पाठलाग करतो काय, अशी विचारणा होते. उत्तरांवरून धोका मोठा दिसला तर पोलीस, आरोग्यखाते, घरवाटपाचे खाते यांची माणसे एकत्र बसून बंदोबस्त ठरवितात. ही पद्धत 2003 साली कार्डिफमध्ये सुरू झाली. कुलूप बदलणे, शाळेत मूल कोणाच्या ताब्यात द्यावयाचे ते लेखी कळविणे, फोनवरून आपला ठावठिकाणा कळणार नाही अशी तजवीज करणे, असली बारीकसारीक कामे बाईबरोबर बसून केली जातात. बोलणे धोक्याचे असेल तर मोबाईलवरून 999 लावून पुढे 55 दाबले की मुकी हाकही पोलिसांपर्यंत पोहोचते. कोर्टाचा मनाई हुकूम मोडणे हा 2007 पासून फौजदारी गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सुनावणीच्या दिवशी तिला वेगळ्या दाराने आत यावयाची व पडद्याआडून जबानी द्यावयाची सोय मागता येते. आश्रयगृहांत जागा अपुऱ्या आहेत, हुकूम मोडल्यावर धावपळ उशिरा होते, हे दोषही येथे आहेत, ते झाकण्याचे कारण नाही.

याच लंडन शहरात 1889 साली रखमाबाई ही मराठी स्त्री वैद्यक शिकावयास आली होती. बालपणी लग्न लावून दिलेल्या पतीने 1884 साली रखमाबाईंवर दावा लावला, 1887 साली कोर्टाने ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम दिला, आणि तडजोड होईपर्यंत चार वर्षे त्या टांगत्या तलवारीखाली जगल्या. पण त्या गप्प राहिल्या नाहीत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहून त्यांनी आपले दुःख सार्वजनिक केले, आणि त्यांच्या पाठीशी माणसे उभी राहिली. लिहून ठेवलेले भय एकट्याचे राहत नाही, हे त्यांच्या चरित्रातून मला दिसते.

लपून राहण्याची इंग्रजी रीत रत्नागिरीस चालणार नाही. इंग्लंडात आश्रयगृहाचा पत्ता गुप्त ठेवतात, बाई दूरच्या परगण्यात नाहीशी होऊ शकते. आपल्याकडे रहाटाघर स्थानकावर उतरलेली बाई कोणाची, कोठे चालली, हे संध्याकाळपर्यंत गावाला कळते. तेव्हा आपल्याकडे तिचे संरक्षण ओळखीच्या माणसांतूनच व्हावयास हवे. मुलाची ने-आण करावयाच्या दिवशी भाऊ किंवा शेजारीण सोबत असावी, आणि धमकीचा प्रत्येक फोन, तारीख-वेळेसह, वहीत टिपला जावा.

कायदा तर आपल्याजवळही आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ‘पूर्वी एकत्र राहिलेल्या’ स्त्रीलाही दाद देतो, आणि घटस्फोटामुळे आधीच्या हिंसेची जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले आहे. दंडाधिकारी दुसऱ्या पक्षाला न ऐकताही तात्पुरता संरक्षण-हुकूम देऊ शकतात. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पाठलाग करणे हा वेगळा गुन्हा आहेच. रत्नागिरीतील वकीलबंधूंना आणि ठाण्यांतील अंमलदारांना माझी विनंती आहे की, अशी बाई दारात आली तर जखम कोठे आहे हे विचारण्याबरोबर भीती कशाची वाटते हेही विचारावे, आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत जबानीत उतरवून घ्यावे.