केसाएवढी सुई, पाऊण तास विचारपूस

ॲक्युपंक्चरला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: खूप दुखतं का हो? डोळ्यांपुढे इंजेक्शन असतं. ही सुई मात्र भरीव असते, तिच्यातून शरीरात काही सोडायचं नसतं. स्टेनलेस स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाड, एकदा वापरून टाकून द्यायची. निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडलं नाही, तर सरळ उठून घरी यावं.

आत्याच्या गुडघ्यांसाठी मी तिच्यासोबत जायचो. पहिल्या दिवशी बराच वेळ सुई दिसलीच नाही. झोप लागते का, पोट साफ होतं का, कळ जिना चढताना येते की उतरताना? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर बसवलाय का? मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. आत्या वैतागली, "अहो बाई, दुखतोय गुडघा. जीभ ठणठणीत आहे!"

डॉक्टरबाई हसल्या आणि गुडघ्याकडे वळल्या. वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून अंगठाभर बाहेर. बोटं रुग्णाची धरायची, त्यामुळे माप माणसागणिक बदलतं. त्या जागी प्लास्टिकची बारीक नळी टेकवली, वर डोकावणाऱ्या सुईवर टिचकी मारली, नळी काढून घेतली. आत्याने डोळे मिटले होते. सुई आत गेल्याचं तिला कळलंही नाही. खरं काम त्यानंतरचं. बाई चिमटीत सुई हलकेच फिरवत राहिल्या.

"मावशी, काय वाटतंय?"

"जड झालंय. पार घोट्यापर्यंत."

हाच जडपणा त्यांना हवा होता. विजेचा झटका बसल्यासारखी कळ आली, तर मात्र लगेच सांगायचं. मग दोन सुयांना चिमटे लावून यंत्राचा सौम्य प्रवाह सोडला. पोटरी तालात उडू लागली आणि अर्ध्या तासात आत्या चक्क घोरत होती. उठताना एका जागी रक्ताचा ठिपका आला, दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं दिसलं. एवढं होतंच. उपाशीपोटी जाऊ नये. काहींना पहिल्या वेळी भोवळ येते. छातीवर सुई खोल गेली, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. क्वचित घडतं, पण हात शिकलेलाच हवा. पश्चिम बंगालप्रमाणे महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, 2015 चा. नोंदणी विचारायला संकोच कशाला?

ही विद्या भारतात आणण्याचं श्रेय कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांना देतात. 1938 मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते हे शिकून आले.

सुईने होतं तरी काय? जुनं चिनी शास्त्र म्हणतं, शरीरातल्या वाहिन्यांमधून फिरणारी प्राणशक्ती मोकळी होते. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडत नाहीत. सुईने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, असं आजचे संशोधक सांगतात. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला होता, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. आणि भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी? 44.2 टक्क्यांना! मला वाटतं, नेमक्या बिंदूइतकंच, कदाचित त्याहून जास्त, काम ती विचारपूस, तो स्पर्श आणि निवांत पडून राहणं करतं. दुखण्याच्या बाबतीत हे थोडं नव्हे. पण झिजलेला सांधा सुईने भरून येत नाही आणि मधुमेहाची गोळी बंद करा म्हणणाऱ्याकडे तर फिरकूही नये. आमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सहा-आठ वेळांत फरक नाही पडला, तर पैसे घालवू नका."

आत्याला पडला. जिना उतरताना ती अजून कठडा धरते, पण गुडघ्याने रात्री जाग येत नाही. वेदनाशामक गोळ्या तिने अस्थितज्ज्ञांना विचारूनच कमी केल्या.