न वळलेला गुरू

बोधिधर्माविषयीचा एक संदेश आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर येऊन गेला असेल : दक्षिण भारतातला एक राजपुत्र चीनला गेला आणि त्याने तिथल्या लोकांना कुंग फू शिकवले. आम्ही जन्मभर बँकेत कागद तपासले, त्यामुळे पडताळणी केल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही ही खोड. या वेळी त्या खोडीने आम्हाला एका जपानी चित्रापाशी नेले.

चित्र १४९६ सालचे. चित्रकार सेश्शू, झेन पंथाचा भिक्षू. भिंतीवर टांगायचे आणि एरवी गुंडाळून ठेवायचे असे हे पटचित्र, जपानीत 'काकेजिकू'. कागदावर शाईने काढलेले, रंग नावापुरता, उंची जवळपास २ मीटर.

गुहेत बोधिधर्म भिंतीकडे तोंड करून बसला आहे. नऊ वर्षे तो असाच बसून होता, अशी कथा आहे. भोवतीचे खडक काळे आणि खडबडीत, पण त्याचे पांढरे वस्त्र जाड, फिकट रेषेत सहज उतरवलेले. खाली डावीकडे हुइके उभा आहे. शिष्य करून घ्या म्हणून तो बर्फात ताटकळला. गुरू वळेना, तेव्हा त्याने आपला डावा हात छाटला. तो तुटका हात त्याने समोर धरला आहे. रक्ताचा देखावा नाही, छेदापाशी एक बारीक लाल रेघ, एवढेच. पुढे गुरूने त्याला स्वीकारले, पण सेश्शूने त्याच्या आधीचा क्षण निवडला. गुरू अजून वळलेला नाही. आम्हाला चित्रात हेच सर्वांत अवघड वाटले. एवढे देऊनही उत्तर नाही, आणि तरी हुइकेच्या चेहऱ्यावर तक्रार नाही.

आता पडताळणी. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग शहरातील मठांच्या वर्णनात आहे, आणि तिथे तो पर्शियाचा आहे! दक्षिण भारत नंतरच्या चरित्रांत येतो. कुंग फू तर त्याहून कितीतरी उशिरा, १७व्या शतकातील एका पुस्तकामुळे त्याच्याशी जोडले गेले. हुइकेचा हातही दरोडेखोरांनी तोडला, असे ७व्या शतकातील चरित्रकार दाओश्वान लिहितो. म्हणजे 'आपला माणूस' म्हणून छाती फुगवण्याइतका पुरावा हाती नाही. एक नाते मात्र पक्के : 'झेन' हा शब्द संस्कृत 'ध्यान'वरून आला, चिनी 'छान'च्या वाटेने.

सवयीने आम्ही सहीही पाहिली. सेश्शूने नावासोबत आपले वय लिहिले आहे, ७७. शिवाय चीनमधील तियानतोंग मठात मिळालेले 'प्रथम आसना'चे पदही. तो चीनला गेला त्याला तेव्हा जवळपास ३० वर्षे होत आली होती, तरी पद सुटले नाही! निवृत्त मंडळींना हे समजेल.

चित्र आइची प्रांतातील साइनेन-जी या मंदिराच्या मालकीचे असून क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे. २००४ मध्ये त्याला जपानचा 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा मिळाला. मोबाइलवर पाहणार असाल तर खालचा डावा भाग मोठा करून पाहा. नाहीतर ती लाल रेघ दिसणार नाही.