एक ठेका उशिरा

"आरं, ऐकू येतंय का?"

१९ जानेवारी २०२५, रविवारची रात्र. मित्र नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला घराच्या गच्चीवर, अंगावर शाल. त्याच्यापुढे कोल्डप्ले बँड, माझ्यापुढे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. त्याने फोन वर धरला होता. तीनदा कट झाला, चौथ्यांदा लागला, आणि भरलेल्या मैदानाचा कल्लोळ कानात शिरला.

या रात्रीची सुरुवात चार महिने आधी, २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी झाली होती. बारा वाजता तिकिटं खुली होणार म्हणून त्याने तिकडून आणि मी इकडून मोबाइल हातात घेतले. एकाला लागलं तरी दोघांचं काढायचं, असं ठरलं होतं. त्याला लागलं, पण एकच. माझ्यापुढे रांगेतला जो नंबर दिसत होता तो आधी मला फोन नंबरच वाटला. नंतर कळलं की त्या दिवशी रांगेत १ कोटी ३० लाखांहून जास्त लोक होते.

आता हा आकडा म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत आख्ख्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९. म्हणजे तान्ह्या पोरांपासून काठी टेकत चालणाऱ्या आजोबांपर्यंत पाच बीड जिल्हे एकाच खिडकीपुढे उभे. दीड-दीड फुटावर एक माणूस धरला, तर रांग होते जवळपास ५,९०० किलोमीटरची. शिरूरहून पाथर्डी, नगर, पुणे करत नेरूळ साधारण सव्वातीनशे किलोमीटर. त्या रस्त्याच्या नऊ खेपा, जाऊन-येऊन. सगळ्यांना एसटीने न्यायचं म्हटलं, तर ४४ सीटच्या २ लाख ९५ हजार गाड्या लागतील. महामंडळाकडे आहेत पंधरा हजारांच्या आसपास. प्रत्येक गाडीला वीस फेऱ्या, तेही वाटेत एकही पंक्चर झाली नाही तर.

आणि गंमत बघा. हीच माणसं रांगेऐवजी जत्रेत उभी राहतात तशी दाटीने, चौरस मीटरला चार अशी उभी केली, तर एकरात सोळा हजार मावतात. म्हणजे सगळा जमाव आठशे एकरांत बसला! एखाद्या लहानशा गावाचं शिवार. जी रांग देश ओलांडून जाते, ती आमच्या तालुक्यातल्या एका गावाची वेस ओलांडत नाही. मी हा हिशेब तीनदा करून पाहिला.

जागा मात्र तिन्ही रात्री मिळून दीड लाखाच्या पुढे-मागे. १८ आणि १९ चे कार्यक्रम बघता बघता भरले, मग २१ तारीख वाढवली.

पैशाचा हिशेब आमच्याकडे कोयत्याने होतो. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. जानेवारीत आमची निम्मी-शिम्मी गावं ओस असतात. माणसं उचल घेऊन, मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यांवर गेलेली असतात. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला साडेतीनशेच्या पुढे दर गेला. एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो. मित्राचं उभं राहायचं तिकीट ६,४५० रुपयांचं, म्हणजे अठरा टन, नऊ दिवस. सगळ्यात स्वस्त २,५०० चं, ते साडेतीन दिवसांचं. आणि सगळ्यात महाग ३५,००० चं, म्हणजे सुमारे ९७ टन ऊस, मोळ्या बांधून गाडीत भरून, पहाटेच्या थंडीतले अठ्ठेचाळीस दिवस. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. त्याचे आई-वडील दहा सीझन कोयत्यावर गेलेले आहेत. मग म्हणाला, "म्हणून तर मी पुढं उभा राहणार, मागं न्हाई."

पुढे उभं राहण्याचा खरा फायदा मला त्या फोनवर कळला.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ऐकायला वेग मोठा वाटतो, पण स्टेडियममध्ये तो बैलगाडी ठरतो. स्टेजपासून १७२ मीटरवर बसलेल्याला आवाज अर्धा सेकंद उशिरा मिळतो. मिनिटाला १२० ठेक्यांचं गाणं असेल, तर दोन ठेक्यांमधलं अंतरही नेमकं अर्धा सेकंद. म्हणजे मागच्या रांगेतला माणूस कायम एक ठेका मागे. त्याने प्रामाणिकपणे तालावर टाळी दिली, तर ती स्टेजवर पोहोचायला आणखी एक ठेका. गाणाऱ्याला टाळी ऐकू येते ती दोन ठेके शिळी. मोठ्या मैदानात लोकांना ताल नाही असं जे वाटतं, त्यात लोकांचा दोष थोडा आणि हवेचा जास्त.

मधे मनोऱ्यांवर आणखी स्पीकर लावतात, पण त्यांनी हा उशीर जात नाही. तारेतून आवाज तिथे लगेच पोहोचतो, म्हणून ध्वनितंत्रज्ञ त्याला मुद्दाम रोखून धरतात. नाहीतर आधी मनोऱ्याचा आणि मागून स्टेजचा असे दोन आवाज येतील. प्रेक्षकांच्या मनगटावरच्या पट्ट्यांना मात्र असलं काही लागू नाही. त्या दुरून येणाऱ्या सिग्नलवर रंग बदलतात आणि सिग्नल जातो प्रकाशाच्या वेगाने, आवाजाच्या जवळपास नऊ लाख पट. मागच्या माणसाचा हात आधी उजळतो, ठोका नंतर येतो. विजेचा लखलखाट आणि मग गडगडाट, तसं.

आता माझं बघा. मित्र स्टेजच्या जवळ. त्याच्या फोनात शिरलेला आवाज तारांमधून शिरूरला यायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. बाकीचा वेळ आवाजाची मोडतोड आणि जुळवाजुळव करण्यात जातो, तरी सगळं मिळून पाव सेकंदाच्या आसपास. म्हणजे शिरूर कासारच्या गच्चीवर बसून मी ते गाणं शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या आधी ऐकत होतो. तेही फुकट! तोच आवाज नुसत्या हवेतून आला असता, तर नेरूळहून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर कापायला बारा मिनिटं लागली असती. तिकडे तिसरं गाणं संपत आलं असतं तेव्हा इकडे पहिल्याचा सूर यायचा. अर्थात घाट चढायच्या आतच हवेने तो गिळला असता. लग्नातला डीजे चार गावं ऐकू येतो हे खरं, पण त्यालाही शीव असते.

पुढच्या रविवारी, २६ जानेवारीला, अहमदाबादचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवला. तिथलं स्टेडियम १ लाख ३२ हजारांचं. पण घरी बसून बघणाऱ्यांपुढे तेही लहान: दाखवणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा ८३ लाख व्ह्यूज आणि १६ कोटी ५० लाख मिनिटं. म्हणजे सरासरी वीसच मिनिटं. लोक येऊन डोकावून गेले. पण ती सगळी मिनिटं एकाच माणसाला बघायला लावली, तर ३१४ वर्षं लागतील. त्याने १७११ साली सुरुवात केली असती, बाळाजी विश्वनाथ पेशवे व्हायच्या दोन वर्षं आधी, तर २०२५ मध्ये तो मोकळा झाला असता. मधे पानिपत होऊन गेलं, निजामाचं राज्य गेलं, तो बघतोच आहे.

त्या रविवारी मित्राने आणि मी, दोघांनीही घरूनच बघितलं, तो नवी मुंबईत, मी इथे, फोन चालू ठेवून. थेट म्हणतात ते थेट नसतंच. प्रत्येकाच्या मोबाइलवर ते वेगवेगळ्या वेळी पोहोचतं. त्याचं माझ्यापुढे सात-आठ सेकंद होतं. आठ सेकंद म्हणजे आवाजाच्या चालीने पावणेतीन किलोमीटर. माझ्याकडे अजून आधीच्या गाण्याच्या टाळ्या वाजत होत्या आणि हा पठ्ठ्या पुढचं गुणगुणायलाही लागला होता.

"लेका थांब की जरा," मी म्हटलं, "मला गाठू दे."